बावीस टक्के

आमच्या घराण्यात धावण्याची पद्धत नाही. होळकरांच्या दरबारात आमचे पूर्वज दफ्तरात होते. घोडे दौडवणारे दौडवत, आम्ही मांडी घालून त्यांची पत्रं लिहीत असू. संस्थान गेलं, मांडी राहिली. मी स्वतः एका सरकारी कचेरीत बसतो, आणि ‘बसतो’ हेच त्या कामाचं खरं वर्णन आहे. चव्वेचाळीस वर्षांत मी एकदाच धावलो होतो. सातवीत असताना, मागे सांड लागला म्हणून.

त्यामुळे गेल्या नोव्हेंबरात डॉक्टर माझ्याकडे बघून “उद्यापासून धावायला लागा” म्हणाले, तेव्हा मला आधी हसू आलं. मग ते कशासाठी सांगताहेत हे आठवलं आणि हसू जिथल्या तिथे विरलं.

माझी मोठी बहीण शारदा. इंदुरात ताईची जीजी होते, म्हणून मी तिला जीजी म्हणतो. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, तीस वर्षं गणिताची मास्तरीण, राजेंद्र नगरात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. तिचं लिव्हर निकामी होत चाललं होतं. दारू सोडा, ती चहासुद्धा अर्धा कप पिते. तिच्या शरीराने आपणहून लिव्हरशी वैर धरलं होतं, असा काहीतरी तो आजार. डोळे पिवळे, पाय सुजलेले, पोटात पाणी. औषधांवर सहा महिने, फार तर आठ, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. उपाय एकच होता, जवळच्या नात्यातल्या कुणाच्या तरी लिव्हरचा तुकडा. देणाऱ्याचं लिव्हर काही दिवसांत परत वाढतं म्हणे. जीजीला मूलबाळ नाही. तिचे यजमान चिंतामणभाऊजी एका पायावर तयार होते, पण त्यांचा रक्तगट वेगळा आणि वर मधुमेह. राहिलो मी. माझा रक्तगट जुळला.

दोन दिवस मी कॉलनीत छाती काढून फिरलो. तिसऱ्या दिवशी मला त्या मोठ्या मशीनमध्ये घातलं आणि रिपोर्ट आला.

“बावीस टक्के चरबी आहे लिव्हरमध्ये,” डॉक्टर म्हणाले. “असं लिव्हर आम्ही कापत नाही. तुम्हालाही धोका, त्यांनाही. दहाच्या खाली आणा. तीन महिने देतो.”

चव्वेचाळीस वर्षांची शेव आणि कचोरी माझ्या पोटात ठाण मांडून बसली होती, आणि जीजीच्या वाट्याचा तुकडा त्याखाली दबला होता. मला स्वतःची इतकी चीड आली की मी दवाखान्यातून सरळ बुटांच्या दुकानात गेलो.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ निधीने मला दोन कागद दिले. एकावर धावण्याचा क्रम होता: एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा. दुसऱ्यावर दोन रकाने, ‘हे खा’ आणि ‘हे खाऊ नका’. दुसरा रकाना वाचताना मला वाटलं, हा कुणीतरी माझ्या घरी राहून लिहिला असावा. त्या कागदाची एक प्रत मी आमच्या फ्रीजवर लावली आणि एक जीजीला नेऊन दिली. कचेरीतून येताना मी रोज तिच्याकडे डोकावतो आणि खाल्ल्याशिवाय ती सोडत नाही, तेव्हा तिला ठाऊक असलेलं बरं.

तिने कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, “मन्या, तबला तू दोन महिने शिकलास. बँकेची परीक्षा फॉर्म भरून सोडलीस. हे कशाला डोक्यात घेतलंस? फालतूमध्ये टेन्शन.”

“हे सोडणार नाही,” मी म्हणालो.

तिने चष्मा परत लावला आणि कागद पुन्हा वाचायला घेतला. मला वाटलं, तिला विश्वास नाही.

पहिल्या दिवशी मी पावणेसहाला रस्त्यावर उतरलो. बगीच्यात ओळखीची माणसं असतात, म्हणून रस्ता. एक मिनिट किती लांब असतं हे मला त्या दिवशी कळलं. चाळीस सेकंदांत छाती भरून आली, बरगडीखाली कळ आली आणि नडग्या बोंबलायला लागल्या. त्यात आमचं शहर प्रेमळ. अर्ध्या तासात तीन स्कूटरवाले थांबले. “कां जा रिये हो भिया? बैठो, छोड़ देता हूं.” चौथ्याने तर गाडी आडवीच घातली आणि विचारलं, “घर पे सब ठीक है ना?” माणूस कारणाशिवाय धावत असेल हे इंदुरात कुणाच्या मनाला शिवत नाही. मी सगळ्यांना हात जोडले आणि आठही वेळा धावलो. घरी येऊन पायरीवर बसलो तो बायकोने हात देऊन उठवलं.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मी उलटा उतरलो, इतक्या मांड्या धरल्या होत्या. तरी गेलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. रोज निघताना मनात एकच आकडा असायचा, बावीस.

दहाव्या दिवशी मला पीयूषभिया भेटला. सियागंजात त्याचं सुक्या मेव्याचं ठोक दुकान आहे, आणि सकाळी तो सात-आठ जणांचा जथा घेऊन भंवरकुआं चौकाकडे धावतो. माझी धाप ऐकून तो मागे आला. “भिया, अकेले भागोगे तो चार दिन में छोड़ दोगे. अपने साथ चलो.” त्याने मला श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचं, हा त्याचा नियम, आणि बोलण्याच्या बाबतीत त्या जथ्याला काही शिकवावं लागत नव्हतं. डिसेंबर अर्धा होईपर्यंत मी न थांबता दोन किलोमीटर धावायला लागलो. खरं सांगतो, मला स्वतःचा अभिमान वाटायला लागला होता.

धावणं संपायचं ते भंवरकुआंच्या पोह्याच्या गाडीवर. क्लासला निघालेली पोरं तिथे रांगेत उभी असत, आणि त्यांच्यात आम्ही घामेजलेले काका. पोह्यांवर शेव, कांदा, जीरावन मसाला, आणि बाजूला गरम जलेबी. पीयूषभियाचा दुसरा नियम होता, “जिसने दौड़ के पोहा नी खाया, उसका दौड़ना काउंट नी होता.” मला तो पटला. पोहे तसे निधीच्या ‘हे खा’ रकान्यात होतेच. एवढा धावलोय, जलेबी जिरेल, असं मी रोज स्वतःला समजावत होतो, आणि मी लगेच समजत होतो.

महिन्याने निधीने मला वजनकाट्यावर उभं केलं. सातशे ग्राम वाढलं होतं.

“काटा बिघडलाय,” मी म्हणालो.

“सर, धावून झाल्यावर काय खाता?”

“पोहे.”

“आणखी?”

“जलेबी. थोडी.”

“थोडी म्हणजे?”

“दोनशे ग्राम.”

निधीने पेन खाली ठेवलं. ती जेमतेम पंचवीसची असेल, पण त्या क्षणी ती मला थेट जीजीसारखी दिसली. “सर, तुम्ही धावता तेवढं जाळता आणि त्याच्या दुप्पट खाऊन परत येता. तुमच्या दीदींकडे असे किती महिने आहेत?”

मी बाहेर येऊन पार्किंगमध्ये बोटांवर दिवस मोजले. एक महिना गेला होता. जीजीच्या पोटातलं पाणी त्या महिन्यात दोनदा काढावं लागलं होतं, आणि मी जलेबी खात होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी जथा सोडला. पीयूषभियाने खूप समजावलं, “भिया, पोहा मत खाना, खड़े तो रहना.” पण मी स्वतःला ओळखतो. त्या गाडीपाशी नुसतं उभं राहणं मला जमणार नव्हतं. मी आमच्या बगीच्यात धावायला लागलो. बगीच्याभोवतीची एक चक्कर साधारण तीनशे मीटर. लोक बघू देत, हसू देत. फिरायला येणाऱ्या बायका दोन दिवस हसल्या, तिसऱ्या दिवशी वाट सोडायला लागल्या.

सकाळी चकरा, दुपारी डब्यात दोन पोळ्या आणि डाळ, रात्री आठच्या आत जेवण. सहा चकरांच्या आठ झाल्या, आठच्या दहा. आणि तरीही जानेवारीच्या मध्याला वजन जेमतेम किलोभर उतरलं होतं. निधी म्हणाली, कुठेतरी गळती आहे. मला समजेना. जलेबी बंद, कचोरी बंद, शेवेचा डबा बायकोने शेजारी देऊन टाकला होता.

संध्याकाळी जीजीकडे थोडंसं खात होतो, तेवढंच. आजारी बहीण सुजलेल्या पायांवर उभी राहून काही करते, ताटली पुढे करते, तिला नाही कसं म्हणायचं? आणि मी तिच्या घरी खातो ते मला खाणं वाटतच नव्हतं. संक्रांतीला तिने गुळाच्या पोळ्या केल्या, वर तुपाची धार. तिळगूळ घ्या म्हटल्यावर नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. मी तीन पोळ्या खाल्ल्या.

संक्रांतीनंतर चार-पाच दिवसांनी मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती आत पडली होती. भाऊजी औषधं आणायला गेले होते. पाणी घ्यायला मी स्वयंपाकघरात गेलो. फ्रीजवर निधीचा कागद लावलेला होता. ‘हे खाऊ नका’च्या रकान्यात प्रत्येक ओळीपुढे लाल पेन्सिलीने बरोबरची खूण होती आणि शेजारी तारीख. साबुदाणा वडा, चार डिसेंबर, अठरा डिसेंबर. आलूबडा, सात. गुलाबजाम, अकरा. गुळाची पोळी, चौदा जानेवारी. भजी, तळलेले पापड, रबडी, एकही ओळ तिने सोडली नव्हती. तीस वर्षं वह्या तपासलेला हात, त्याच ठसठशीत खुणा.

मी तो कागद काढून आत गेलो.

“जीजी, हे काय आहे?”

तिने डोळे उघडले, कागदाकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्याचा भाव चेहऱ्यावर नावाला नव्हता. “दिसत नाही का? खुणा आहेत.”

“तू मला मुद्दाम खायला घालत होतीस?”

“हो. मुद्दाम.” ती हळूहळू उठून बसली. “तुझी पलक दहावीत आहे. तुझं पोट फाडणार आहेत मन्या, दाढ काढणार नाहीयेत. तिथे तुला काही झालं, तर मी त्या पोरीला काय तोंड दाखवू? मी त्रेपन्न वर्षं जगले. बस झालं. तू बाद झालास की झंझटच खतम. तुझ्यावर दोष नाही, माझ्यावर नाही. मशीनच नाही म्हणेल.”

“मग मला सरळ नाही का सांगायचं?”

“तू ऐकलं असतंस?”

ऐकलं नसतं. पण मला भयंकर राग आला. साठ दिवस मी थंडीत छाती फोडून घेत होतो आणि ही इथे तुपाची धार धरत होती. “तुला घ्यायचं की नाही ते तू डॉक्टरला सांग,” मी ओरडलो. “मी दहाच्या खाली येणार म्हणजे येणार. आणि आजपासून तुझ्या घरात मी पाणीसुद्धा पिणार नाही!”

मी तसाच बगीच्यात गेलो. कचेरीचे बूट, इन केलेला शर्ट, गळ्यात ‘मानस’ लिहिलेलं ओळखपत्र. संध्याकाळच्या गर्दीत मी दहा चकरा मारल्या. कुणी हसलं असेल तर मला दिसलं नाही.

पुढचा महिना आम्ही दोघंही हट्टाला पेटलो. मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जात असे, खुर्चीत दहा मिनिटं बसत असे आणि तोंड न उघडता परत येत असे. ती ताटली ठेवायची, मी ती तशीच सोडायचो. बिचारे भाऊजी आमच्या मध्ये बसून हवापाण्याच्या गोष्टी करायचे. तिसऱ्या आठवड्यात तिने ताटली ठेवणं सोडलं, पण माझ्याशी बोलली नाही. तिचा चेहरा दिवसेंदिवस उतरत होता. या आजारात मध्येच भ्रम होतो म्हणे; एकदा तिने मला माझंच नाव विचारलं, आणि मग लगेच ओशाळून दुसरीकडे पाहिलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

मी धावत राहिलो. बारा चकरा, तेरा, चौदा. डाव्या पायाचं नख काळं पडून गळालं. कंटाळा येई, फार येई, विशेषतः पाचव्या-सहाव्या चकरेत, जेव्हा संपायला जवळही नसतं आणि सोडायला कारणही नसतं. तेव्हा मी फक्त पुढच्या कडुनिंबापर्यंत जायचं ठरवायचो, आणि तिथून पुढच्या बाकापर्यंत. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मी सोळा चकरा मारल्या, न थांबता. पाच किलोमीटरला थोडंच कमी. धाप होती, पण श्वास माझ्या ताब्यात होता. कुणाला सांगावं कळेना. सांगायची सवय होती तिला सांगता येत नव्हतं. वजन सहा किलोंनी उतरलं.

नव्वदाव्या दिवशी मला पुन्हा मशीनमध्ये घातलं. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिला.

“बारा,” ते म्हणाले. “फार मेहनत केलीत. पण बारा चालत नाही.” मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. “पंधरा दिवस आणखी थांबता येईल. त्यापुढे त्यांची तब्येत ऑपरेशन झेपण्यासारखी राहणार नाही.”

मी रिपोर्ट घेऊन सरळ जीजीकडे गेलो. भाऊजींनी दार उघडलं आणि माझं तोंड पाहून बाजूला झाले. जीजी खुर्चीत होती, पाय स्टुलावर ठेवलेले. मी रिपोर्ट तिच्या मांडीवर टाकला.

“बारा आले. दहा पाहिजे होते. झालो बाद. हेच हवं होतं ना तुला? हो आता खुश.”

बोललो आणि जीभ हासडावीशी वाटली. महिन्याभरात मी तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द होते.

तिने चष्मा लावला. रिपोर्ट वरपासून खालपर्यंत वाचला. मी वाट बघत होतो, आता ती ‘बरं झालं’ म्हणेल. ती म्हणाली नाही. कागद खाली पडला तो तिला उचलता येईना.

“मला वाटलं होतं, असं झालं की मला बरं वाटेल,” ती म्हणाली. मग तिने माझा हात इतका घट्ट धरला की मी चपापलो. “मन्या, मला जगायचंय रे.”

मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलो आणि मीही रडलो, सांगायला लाज कसली.

शेवटी तिने पदराने तोंड पुसलं. “डॉक्टर किती दिवस देतो म्हणाला?”

“पंधरा.”

“बावीसचे बारा, म्हणजे दहा कमी झाले. पहिला महिना तू पोह्यांत घालवलास, दुसरा मी घालवला. म्हणजे खरं काम एकाच महिन्याचं.” तिचा आवाज अजून ओला होता, पण फळ्यासमोर उभा राहणारा तो जुना सूर त्यात परत आला होता. “एका महिन्यात दहा, तर पंधरा दिवसांत किती?”

“पाच,” मी म्हणालो.

“आणि आपल्याला हवेत तीन. सकाळी किती वाजता जातोस?”

“सहाला.”

“उद्या मी येणार.”

पंधरा दिवसांनी मशीनने नऊ दाखवले आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना मार्चची तारीख दिली. तो मशीनचा निकाल. माझ्या लेखी निकाल लागला तो त्याआधीच, ती ‘येणार’ म्हणाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. भाऊजींनी तिला रिक्शातून आणली, दोन शाली, स्वेटर, कानाला मफलर, आणि बगीच्यातल्या बाकावर बसवली. फाटकापासून बाकापर्यंतची तीस पावलं चालायला तिला पाच मिनिटं लागली. मी धावायला लागलो. प्रत्येक चकरेला ती मोठ्याने आकडा सांगत होती. अकराव्या चकरेला माझे पाय जड झाले आणि मी नकळत चालायला लागलो. तेवढ्यात तो आवाज आला, ज्याने तीस वर्षं साठ-साठ पोरांचे वर्ग गप्प केले होते. फिरणारी सगळी माणसं जागच्या जागी थांबली.

“मानस! थांबायचं नाही! मी इथे बसलेय ना?”

मी धावलो.